करिअर शोधाचा कोर्स: नागपूरच्या पदवी विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या एका कॉलेजात मी कॉमर्स शिकवते आणि गेली काही वर्षं पदवीच्या मुलामुलींसाठी दोन क्रेडिटचा करिअर शोधाचा कोर्सही चालवते. ॲडमिशनच्या दिवसांत तेच ते प्रश्न येतात: स्टाफरूमच्या दारात, व्हॉट्सॲपवर, एकदा तर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, भाजी घेत असताना. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवते. तुमच्या कॉलेजात या कोर्सचं नाव वेगळं असेल, तास कमीजास्त असतील. काम साधारण हेच असतं.

या कोर्समध्ये करतात काय?

सेमिस्टरभरात पाच-सहा प्रकारची कामं जवळून बघायची, ती करणाऱ्या माणसांशी बोलायचं आणि त्यातून स्वतःबद्दल जे लक्षात येईल ते वहीत लिहायचं. वर्गात बसणं कमी, बाहेर जाणं जास्त.

कल्पना जुनीच आहे. १९०८ साली अमेरिकेत, बॉस्टनमध्ये, फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना काम निवडायला मदत करणारं एक केंद्र सुरू केलं. आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती काढा, मग दोन्हींचा मेळ घाला, असं ते सांगत. तिकडच्या कॉलेजांत एक-दोन क्रेडिटचे असे कोर्स आता नेहमीचे झाले आहेत. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ मध्ये ‘जीवन कौशल्य’ हा अभ्यासक्रम आणला, त्यात करिअर कौशल्यांचा भाग होता. पुढे नव्या शैक्षणिक धोरणामुळे कौशल्याचे पेपर, फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण यांना वेळापत्रकात जागा मिळाली. आमचा कोर्स त्याच दारातून आत शिरला.

म्हणजे शेवटी मी काय व्हायचं ते तुम्ही सांगणार?

नाही. ते सांगणारा कोणी भेटला तर पाकीट सांभाळा.

कोर्स संपताना हातात उत्तर असेलच असं नाही, पण दोन-तीन गोष्टींवर फुली नक्की पडलेली असते, आणि माझ्या मते तीच खरी कमाई आहे. आमच्याकडे बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीची एक मुलगी होती. पॅथॉलॉजी लॅब काढायची असं तिचं अकरावीपासून ठरलेलं. तिला धंतोलीतल्या एका लॅबमध्ये सकाळी सात ते अकरा बसवलं. उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग दारापर्यंत. टेबलावर नळ्या मांडलेल्या: जांभळट बुचाची सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी), राखाडी बुचाची शुगरसाठी, लाल बुचाची सीरमसाठी. चार तासांत तिने पाहिलं ते असं. रक्त काढणारा टेक्निशियन डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा झालेला. तपासणीचं बरंचसं काम मशीन करतं. रिपोर्टवर सही मात्र पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्पष्ट केलेलं. आणि काउंटरवरची बाई चार तास एकच वाक्य बोलत होती, “रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर मिळेल.”

ती परत आली आणि म्हणाली, “मॅडम, मला हे काम नाही करायचं. पण ती मशीनं कोण दुरुस्त करतं?”

हा दुसरा प्रश्न तिला कुठल्याही पुस्तकात सापडला नसता. पुढे तिने वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या लोकांना गाठलं. तिथे टिकेल का ते तिचं ती बघेल. लॅबच्या स्वप्नात जाणारी पाच वर्षं मात्र एका सकाळीत वाचली.

कॉलेजात प्लेसमेंट सेल आहे, मग हा कोर्स वेगळा कशाला?

प्लेसमेंट सेल तुम्हाला गाडीत बसवून देतो. गाडी कुठे जाते हे आधी बघून घ्यायचं काम या कोर्सचं. शिवाय खरं बोलायचं तर बीए, बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांकडे कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या मोजक्या, आणि त्यांतल्या बऱ्याच एकाच छापाच्या: कॉल सेंटर, विमा, बँकेची विक्री. ही कामं वाईट आहेत असं नाही. पण पाचच पदार्थांचं मेन्यू कार्ड हातात असेल तर माणूस त्यातलंच मागवतो.

क्रेडिट किती, तास किती?

थिअरीच्या एका क्रेडिटला साधारण १५ तास, प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला ३०. आमच्याकडे एक क्रेडिट वर्गातलं आणि एक बाहेरचं, म्हणजे एकूण ४५ तास. हा पेपर ओपन इलेक्टिव्हमध्ये (आपल्या शाखेबाहेरच्या ऐच्छिक पेपरात) बसवायचा की कौशल्याच्या पेपरात, ते कॉलेजनुसार बदलतं. तुमच्या विभागप्रमुखांना विचारा, सिनिअर पोरांना नको. त्यांचा पॅटर्न जुना असण्याची शक्यता जास्त.

कितव्या सेमिस्टरला घ्यावा?

तिसऱ्या. पहिल्या वर्षी कॉलेजच नवीन असतं आणि पाचव्या सेमिस्टरला पोरं आधीच घाबरलेली असतात. घाबरलेला माणूस शोधत नाही, पहिलं दिसेल ते धरतो. तरी शेवटच्या वर्षाला असाल तर घेऊच नका असं म्हणणार नाही. तेव्हा भेटी कमी करा आणि पदवीनंतरच्या वर्षभराच्या अप्रेंटिसशिपची चौकशी त्याच वेळी करून ठेवा. अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे, पदवीधरांनाही त्यात स्टायपेंड मिळतो, आणि तरीही आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना तो फक्त आयटीआयवाल्यांसाठी आहे असं वाटतं.

एटीकेटी असेल तर?

चालेल. इथे मार्कशीट कोणी बघत नाही.

ऑनलाइन टेस्ट दिली तर हे सगळं फिरणं वाचेल ना?

दहावीची कलचाचणी तुमच्यापैकी काहींच्या मोठ्या भावाबहिणींनी दिलेली असेल. २०१६ पासून काही वर्षं ती राज्यभर झाली. तिचा निकाल कपाटात कुठे ठेवलाय ते घरी विचारून बघा.

चाचण्या पूर्ण निरुपयोगी नसतात. जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी चौकट जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची आहे, १९५९ ची. कामाच्या आवडीचे तो सहा गट पाडतो: हाताने किंवा यंत्राने काम करणारे, खोलात जाऊन कारण शोधणारे, नवं घडवणारे, माणसांत रमणारे, दुसऱ्याला पटवून काम उभं करणारे, आणि नीटनेटकी, नियमात बसणारी कामं आवडणारे. आपण कोणी एकाच गटात बसत नाही, दोन-तीन गटांचं मिश्रण असतो. बोलायला सुरुवात म्हणून हे चांगलं आहे. आम्ही दुसऱ्या तासाला हीच चाचणी घेतो आणि निकाल शेवटच्या तासापर्यंत बाजूला ठेवतो. शेवटी वहीतल्या नोंदी आणि तो निकाल शेजारी शेजारी ठेवले की मजा येते. माणसांत रमणारा म्हणून निघालेला एक मुलगा भेटीच्या प्रत्येक ठिकाणी कॉम्प्युटरच्या पडद्यामागे जाऊन उभा राहिलेला असतो.

अडचण अशी की वीस वर्षांच्या मुलाला “तुला बागकाम आवडतं का?” विचारलं तर त्याने बागकाम केलंय कुठे? तो टीव्हीत पाहिलेल्या बागकामाबद्दल उत्तर देतो. म्हणून आधी बघा, मग चाचणीचा निकाल उघडा.

आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू, बुद्धीचा प्रकार, करिअर सगळं सांगणारी दुकानं सध्या गल्लोगल्ली निघाली आहेत. त्याला शास्त्रीय आधार नाही. रिपोर्ट चकचकीत असतो, चाळीस पानी असतो, त्यात तुमचं नाव सोनेरी अक्षरात असतं. त्या पैशात महिनाभर तर्री पोहे येतात.

नागपुरात बघण्यासारखं काय आहे? सगळं तर पुण्यात नाहीतर बंगळूरला.

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण तो विचारणारी मुलं रोज ज्या पाट्यांखालून जातात त्या त्यांनी कधी वाचलेल्या नसतात.

कोर्सचं पहिलं घरकाम हेच असतं. रविवारी सकाळी सिव्हिल लाईन्सपासून सेमिनरी हिल्सपर्यंत हळूहळू जा, तिथून अमरावती रोडला लागा, आणि सरकारी, निमसरकारी वीस पाट्या लिहून आणा. पाटीवरचं नाव पूर्ण लिहायचं. मग त्या संस्थेत काय काम चालतं याचा अंदाज करायचा, शोधायचं नाही. सोमवारी वर्गात हे अंदाज वाचताना हसून हसून पुरेवाट होते. खाण ब्यूरो म्हणजे “खाण्याच्या वस्तूंची तपासणी” असं एकाने लिहिलं होतं.

भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय नागपुरात आहे, १९४८ पासूनची संस्था. देशातल्या पेट्रोल पंपांपासून फटाक्यांच्या कारखान्यांपर्यंत सगळ्यांच्या सुरक्षेचे परवाने बघणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, तिचंही मुख्यालय इथेच. कोळशाची डब्ल्यूसीएल आणि मँगनीजची मॉयल या सरकारी कंपन्या, दोघींचा कारभार इथून चालतो. केमिस्ट्री किंवा जिऑलॉजी घेतलेल्या मुलाला या चार नावांचा पत्ता नसेल तर चूक त्याची नाही, आमची आहे.

पर्यावरणावर काम करणारी नीरी १९५८ पासून नागपुरात आहे. कापूस संशोधन संस्था वर्धा रोडला, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था अमरावती रोडला. मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरोही तिकडेच. जमिनीचे नकाशे कसे बनतात ते भूगोलाच्या मुलांनी तिथे बघावं. सुदूर संवेदनाचं राज्याचं केंद्र आहे, उपग्रहाच्या चित्रांवरून पीक, पाणी, जंगल मोजणारं. पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि गोरेवाड्याला वन्यप्राण्यांचं बचाव केंद्र. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. हे केंद्रीय गृह खात्याचं, आणि तिथे फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते हे ऐकून दरवर्षी कोणीतरी “काहून सांगितलं नाही मॅडम आधी?” म्हणतंच.

“आमचं काय?” असं कला शाखेची मुलं विचारतात. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे आहे, म्हणजे अनुवादक लागतात, लघुलेखक लागतात, वकिलांकडे मराठी कागद इंग्रजीत नेणारी माणसं लागतात. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारा मुलगा नागपुरात उपाशी राहत नाही, फक्त त्याला हे कोणी सांगत नाही. अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चं. तिथे वस्तूंची नोंद, जपणूक, मांडणी हे काम असतं आणि ते इतिहासाच्या पदवीधरालाच शोभतं. आकाशवाणी आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा अर्धं मंत्रालय इथे उतरतं. वार्ताहर, समित्यांचे कर्मचारी, लोकप्रतिनिधींचे स्वीय सहायक कसे काम करतात ते बघायची संधी राज्यात मुंबईबाहेर फक्त आपल्याला मिळते.

कॉमर्सवाल्यांनी माझं ऐकून एकदा पहाटे कळमन्याच्या घाऊक बाजारात जावं. अंबिया बहाराचा संत्रा दिवाळीच्या आगेमागे येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चकडे. ढीग लागलेले असतात, बोली चालू असते, आणि अडत्याचा मुनीम गुडघ्यावर वही ठेवून ज्या वेगाने हिशेब करत असतो तो बघून आमच्या अकाउंट्सच्या टॉपरचं तोंड उघडं राहिलं होतं. मालाची प्रत ठरवणं, भाव पाडणं, उधारी, वाहतूक, नासाडी: मी वर्गात सेमिस्टरभर शिकवते ते तिथे दोन तासांत होऊन जातं.

मिहान, बुटीबोरी, हिंगणा या उद्योगांच्या वसाहतींची नावं तुम्हाला माहीत आहेत म्हणून सोडून देते. एकच सांगते. मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं केंद्र आहे. विमान म्हटलं की तुम्हाला पायलट आणि हवाई सुंदरीच दिसतात.

माझी कोणाशी ओळख नाही. माणूस शोधायचा कसा?

ओळख नसलेलीच बरी. काकाच्या मित्राकडे गेलं की तो चहा पाजतो, “खूप शिक बेटा” म्हणतो आणि काम दाखवत नाही.

आधी तुमच्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. मग गल्लीतली माणसं: कोणाच्या शेजारी महावितरणचा लाइनमन राहतो, कोणाच्या समोर सीए. त्यानंतर कार्यालयाला रीतसर पत्र. निरोप मात्र छोटा आणि स्पष्ट असू द्या. आमच्याकडे हा नमुना चालतो:

“नमस्कार सर. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या कोर्ससाठी वेगवेगळी कामं समजून घेत आहे. तुमच्या कामाबद्दल २० मिनिटं बोलायला मिळेल का? नोकरी किंवा शिफारस मागायला येत नाही. तुम्ही सांगाल त्या दिवशी, त्या वेळी येईन.”

“नोकरी मागायला येत नाही” हे वाक्य गाळू नका. समोरच्याचा निम्मा ताण त्यानेच जातो. दहा जणांना पाठवलं तर सहा जण उत्तरच देत नाहीत, त्याचं मनाला लावून घेऊ नका. आणि गुड मॉर्निंगचा फुलांचा फोटो पाठवून ओळख वाढवायची नाही. हे मला दरवर्षी सांगावं लागतं.

भेटल्यावर विचारू काय?

“तुमच्या यशाचं रहस्य काय?” हे विचारायचं नाही. त्याला सगळे एकच उत्तर देतात.

“काल सकाळी दहा ते बारा तुम्ही काय केलं?” हे विचारा. माणूस थांबतो, आठवतो, आणि मग खरं बोलायला लागतो. एका सिव्हिल इंजिनिअरने या प्रश्नाला उत्तर दिलं होतं की काल दोन तास सिमेंटची गाडी कुठे अडली ते फोनवर शोधत होतो आणि मधे मजुरांचं भांडण सोडवलं. ड्रॉइंग महिन्यातून चार दिवस. मुलगा गार पडला. त्याने ड्रॉइंगसाठी ती शाखा घेतली होती.

पुढचे प्रश्न मग आपोआप येतात. यातला कंटाळवाणा भाग कोणता? सुरुवातीच्या पगारात खोलीचं भाडं आणि डबा निघत होता का? तुमच्यासोबत लागलेल्यांपैकी सोडून कोण गेलं आणि का? आणि निघताना न विसरता: आणखी कोणाला भेटू?

भाषेची भीती असेल तर ती काढून टाका. मराठीतच बोला. माणूस हिंदी बोलणारा असेल तर हिंदीत. नागपूरच्या मुलाला त्याची काय अडचण? इंग्रजी कच्चं असेल तर कोणत्या कामात ते खरंच लागतं आणि किती, हेही याच भेटींत कळतं. बहुतेक वेळा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी लागतं. काही ठिकाणी मात्र फार जास्त लागतं, आणि ते दुसऱ्या वर्षातच कळलेलं बरं.

मी एमपीएससी करतोय. माझं ठरलेलं आहे. मला हा कोर्स कशाला?

तुमचं पद ठरलंय. काम ठरलंय का?

राज्य सेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे बाविसाव्या वर्षी सुरू केलं तर सोळा-एकवीस वर्षं हातात आहेत असं वाटतं, आणि हीच ती घसरगुंडी. लायब्ररीत सकाळी सहाला जागा पकडणारी मुलं मी बघते, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण तहसीलदार व्हायचं म्हणणाऱ्यांपैकी तहसील कार्यालयात दाखल्याच्या रांगेपलीकडे कोण गेलंय?

आम्ही चार मुलांना एका तालुक्याच्या तहसील कार्यालयात दिवसभर बसायची परवानगी मिळवली होती. नायब तहसीलदारांच्या टेबलावर उत्पन्नाच्या दाखल्यांचा ढीग. मधे निवडणुकीच्या यादीवरून तक्रार. दुपारी गारपिटीच्या पंचनाम्यावरून दहा शेतकरी, सगळे एकदम बोलणारे. संध्याकाळी साहेब जेवायला बसले तोच रेतीच्या ट्रकचा फोन. चौघांपैकी एक म्हणाला, “भाऊ, हे तर माहीतच नव्हतं.” दुसऱ्याचे डोळे चमकत होते, त्याला तो गोंधळ आवडला होता. तो अभ्यास करतोय अजून, पण आता कशासाठी ते त्याला माहीत आहे. पहिल्याने बँकेच्या परीक्षा धरल्या.

नागपुरात सरकारचं आयएएस पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी प्रशिक्षणाच्या योजना चालवणाऱ्या ‘महाज्योती’ या राज्य सरकारच्या संस्थेचं मुख्यालयही इथेच आहे. तयारी करणार असाल तर त्यांच्या योजना आधी नीट वाचा, मग क्लासची फी भरा. आणि किती वर्षं देणार तो आकडा वहीत लिहून, खाली तारीख टाकून ठेवा.

पालकांचा प्रश्न: पोराला असं फिरवल्याने अभ्यास बुडत नाही का?

एक काका स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले होते, “मॅडम, त्याच्या डोक्यात भलतं भरू नका. इतवारीत दुकान आहे, बसेल गल्ल्यावर.” मी म्हटलं, मग त्याला दुकानच बघू द्या. खरंच त्याची एक भेट त्याच्याच दुकानाची लावली, फक्त अट अशी की वडिलांना त्याने तेच प्रश्न विचारायचे जे बाहेरच्याला विचारतो. उधारी किती बुडाली, ऑनलाइनमुळे गिऱ्हाईक किती तुटलं, हे त्या मुलाला वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. काकांनाही कोणी पहिल्यांदाच विचारलं असावं. आज तो दुकानातच आहे आणि माल मागवायचं सगळं त्याच्याकडे आहे.

भेटी शनिवारी किंवा सुट्टीच्या दिवशी असतात. तास बुडत नाहीत. मुलीला एकटं पाठवत नाही. दोघी किंवा तिघी जातात आणि जागेचा पत्ता, फोन घरी दिलेला असतो.

खर्च किती येतो?

जाण्यायेण्याचा. खापरीपर्यंत आणि हिंगण्याच्या बाजूला लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे, बुटीबोरीला बस. काटोल, उमरेड, रामटेककडून येणाऱ्या मुलांना आम्ही त्यांच्याच तालुक्यातली ठिकाणं शोधून देतो, उगाच शहरात यायची गरज नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर करिअर कौशल्यांचे कोर्स फुकट शिकता येतात, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. केंद्राच्याच नॅशनल करिअर सर्व्हिस या नोकऱ्यांच्या पोर्टलवर नोंदणीलाही पैसे लागत नाहीत.

कोणी “१०० टक्के नोकरीची हमी” म्हणून आधी डिपॉझिट मागत असेल तर ते करिअर मार्गदर्शन नाही.

परीक्षा कशी असते?

लेखी पेपर नाही. वही बघतो आणि दहा मिनिटं बोलतो. इंटरनेटवरून उतरवलेलं “सीए होण्याचे फायदे” चटकन ओळखू येतं; खऱ्या भेटीच्या नोंदीत कुठेतरी पंख्याचा आवाज, चहाचा कप, साहेबांचा तिसरा फोन असतोच. हल्ली एआयकडून लिहून घेतलेल्या वह्याही येतात. त्यात सगळी माणसं अतिशय प्रेरणादायी असतात.

कोर्स संपला आणि तरी काही ठरलं नाही तर?

तर काही बिघडत नाही. डोनाल्ड सुपर हे या विषयातलं मोठं नाव. त्यांच्या मांडणीत पंधरा ते चोवीस हे वयच मुळी शोधण्याचं आहे. न ठरणं आणि न बघणं यात फरक आहे. न बघता ठरलेली मुलं मला जास्त काळजीत टाकतात.

आमच्या कॉलेजात सुरू करायचा आहे. काय चुकू शकतं?

आमचं जे जे चुकलं ते सांगते. पहिल्या वर्षी मी पाहुणे बोलावले. सभागृह गच्च, “स्वप्नं मोठी बघा”, टाळ्या, सेल्फी. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारलं, काल आलेले साहेब रोज नेमकं काय काम करतात? एकाही मुलाला सांगता आलं नाही. खरं तर मलाही. तेव्हापासून व्याख्यानं बंद.

दुसऱ्या वर्षी अकरा मुलांना घेऊन एका मोठ्या कार्यालयाच्या फाटकावर दीड तास उभी राहिले. फोनवर होकार मिळाला होता, पण होकार देणारे अधिकारी त्या दिवशी रजेवर, आणि गार्डकडे आमची नावं नाहीत. तो बिचारा बरोबरच होता. तेव्हापासून आधी पत्र, पत्रासोबत मुलांची यादी, आणि तिकडच्या एकाऐवजी दोन माणसांचे नंबर. गट सहाच्या वर नाही. सहाच्या पुढे गेलं की सहल होते.

आणखी एक. प्राचार्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवा की या कोर्समुळे प्लेसमेंटचा आकडा लगेच वाढणार नाही. नाहीतर दुसऱ्या वर्षी तो बंद पडतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटी होतात का?

एप्रिलच्या मध्यापासून शाळा-कॉलेजांसारखेच आम्हीही गप्प घरात बसतो. पारा ४५ च्या पुढे गेला की बुटीबोरीच्या रस्त्यावर दुपारी बसची वाट बघणं धाडसाचं काम आहे. अगदीच जायचं असेल तर सकाळी साडेसातची वेळ मागा, अकराच्या आत परत या, रुमाल आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. कॉलेजचं ओळखपत्रही. ते विसरलं की फाटकावरून परत.